फाटकावरची तत्त्वं

३ मार्च, सोमवार
कॉलरा केंद्राच्या फाटकावर नेमणूक झाली. ही संस्था कुणाच्या बापाची नाही. सरकारची नाही, टोळ्यांची नाही, राजधानीतल्या, पोर्ट-ऑ-प्रिन्सच्या साहेबांची तर नाहीच. भिंतीवर तत्त्वं लावलीत. माणूस बघायचा नाही, गरज बघायची. कुणाची बाजू घ्यायची नाही. कुणाकडून भेट घ्यायची नाही. शस्त्र फाटकाबाहेर. वाचून वाटलं, माझ्याकडे बघूनच लिहिलंय. बायकोला, इमाकुलाला, सांगितलं. म्हणाली, आधी शेजारच्या ओसनेलशी बोलून दाखव.

ओसनेलचा विषय वेगळा. दोन वर्षांपूर्वी त्याच्या कोंबड्याने झुंजीत माझा कोंबडा, जनरल, मारला. मी केव्हाच माफ केलंय. फक्त बोलत नाही.

४ मार्च
संकल्प: ओळखीच्या माणसाला आधी आत सोडायचं नाही. तो पक्षपात. ओळख जितकी जवळची, तितकं मागे बसवायचं. सासूला सगळ्यांत मागे बसवलं. ती आजारी नव्हती, माझाच डबा घेऊन आली होती. राजमा-भात गार झाला. चालायचंच.

६ मार्च
टोळीतला एकजण आईला घेऊन आला. त्याची बंदूक फाटकाबाहेर ठेवून घेतली. दोन्ही हातांनी धरली, एकाही हाताची बाजू घेतली नाही.

७ मार्च, दुपार
नर्स मिस योलेत म्हणाली, कोण आधी ते मी ठरवते, तू फक्त दार उघडायचंस. मी म्हणालो, दार काय, कुणीही उघडेल. ती म्हणाली, मग उघड ना. बाईला तत्त्वं पाठ आहेत, उमगलेली नाहीत. मी वाकणार नाही.

९ मार्च, रविवार
ओसनेलला झुंजीच्या मैदानातून मोटारसायकलवर आणलं. जुलाबांनी अंगातलं पाणी गेलेलं, डोळे खोल, आणि काखेत कोंबडा. कोंबड्याच्या टाचेचे काटे तासून सुरीसारखे केलेले. म्हणजे शस्त्र. म्हणालो, कोंबडा बाहेर. त्याच्या हातात सोडायचंही बळ नव्हतं, मीच काढून घेतला. मग लक्षात आलं, हा तर शेजारी. म्हणजे शेवटी. बाकावर बसवला. तो काहीतरी पुटपुटत होता. हुज्जतच असणार. म्हणून त्याला भिंतीवरची तत्त्वं मोठ्याने वाचून दाखवली. आवाज छान लागला होता. तिसऱ्या तत्त्वाला तो बाकावरून खाली पडला.

मिस योलेत धावत आली. दोन्ही हातांना सलाईन लावावं लागलं.

संध्याकाळी
माझी चूक नाही. भिंत पुन्हा वाचली. शेजाऱ्याला शेवटी बसवू नये असं कुठेही लिहिलेलं नाही.
इमाकुलाने जेवायला वाढलं नाही.

१० मार्च
मीटिंग. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ बाकावर होता? म्हणालो, थोडाच. मिस योलेत म्हणाली, वीस मिनिटं. मी ठणकावून सांगितलं, माझा वैरी असूनही मी त्याला सासूसारखंच वागवलं. डॉक्टरांनी वहीत काहीतरी लिहिलं. पटलं असावं.

खातं बदललं. आता येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पायांच्या तळव्यांवर जंतू मारायचं क्लोरीन फवारायचं. बढतीच म्हणायची. अख्खा विभाग माझ्याकडे. विभागात मी एकटाच. कोंबडाही माझ्याच ताब्यात, जप्त शस्त्र म्हणून. रोज दोनदा मका घालतो.

१४ मार्च, सकाळी दहा
ओसनेलला घरी सोडलं. माझ्या फवारणीच्या चटईवर उभा राहिला. उभं राहवेना, म्हणून माझ्या खांद्यावर हात ठेवून एक पाय उचलला. मी फवारलं. वर बघितलं नाही.

म्हणाला, फेर्दिलुस, त्या दिवशी बाकावर मी काय सांगत होतो, ऐकलंस का?
म्हणालो, नाही, मी वाचत होतो.
म्हणाला, सांगत होतो की मी मेलो तर कोंबडा तुला. तुझा जनरल गेला होता ना, मला तेच आठवत होतं.

भेट घेत नाही आम्ही, असं सांगणार होतो. फवाऱ्याची तोटी पुसत राहिलो.

म्हणाला, आता जगलोय, तर दे इकडे.

कोंबडा दिला. ओसनेलचा दुसरा पाय राहिला होता, तो फवारला.