बीरगावचा पत्ता

१२ जानेवारी

वासनिक सरांनी आज विचारलं. दवाखान्याच्या बाहेरच्या बाकावर, पेशंट गेल्यावर. बी.पी. तपासायले आले होते, या महिन्यात दुसऱ्यांदा. बी.पी. अगदी बरोबर. मी म्हटलं, सर, तुमचं तं काहीच बिघडलं नाही. तं म्हणे, "तेच सांगायले आलो. तुम्हाले काय म्हणून हाक मारू? सिस्टर तं आता म्हणता येत नाही."

मले आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा बी.पी.च्या मशीनचा पट्टा नुसता गुंडाळत राहिली.

चौपन्न वर्षांची बाई मी. कोमलचे बाबा जाऊन अकरा वर्षं झाली. सरांची मिसेस पण बरीच वर्षं झाली गेली. रिटायर गणिताचे मास्तर. शहरातल्या विहारात आमचा कॅम्प लागला होता, तिथली ओळख. एवढंच. लिहून पाहून राहिली, खरं वाटते का.

नाही म्हटलं नाही. एकच सांगितलं, मी बीरगाव सोडणार नाही. घर इथं, दवाखाना इथं. त्यायच्या डोक्यात पोराचा फ्लॅट होता.

१५ जानेवारी

कोमलले नागपूरले फोन केला. पोट्टी आधी हसली, मग रडली, मग परत हसली. मी मराठीत बोलते, ती हिंदीत, नेहमीचंच. "मम्मी, बहुत अच्छा है. सच में. और अब तू वहाँ से निकल. यही मौका है."

जो तो निघायलेच सांगते.

कॉलेजात होती तेव्हा मैत्रिणींले सांगायची, रायपूरले राहते. बीरगावचं नाव काढायची नाही. एकदा एक मैत्रीण घरी आली तं फॅक्टऱ्यांच्या धुरानं बसल्या जागी नाकाले रुमाल. कोमल त्या दिवशी जेवली नाही. मी काय बोलणार? लग्न होऊन तुमसरहून आली तेव्हा मी पण पदर लावला होता नाकाले.

२६ जानेवारी

सर घरी आले. पहिल्यांदा. सिटी बसनं, पांढरा शर्ट घालून. मनात म्हटलं, हा शर्ट संध्याकाळी पाहा.

पातोडीची भाजी केली होती. दोनदा वाढून घेतली. मग म्हणे, चला, तुमचं गाव दाखवा. तलावाच्या काठानं गेलो. नवीन फरशी, दिवे, बाकं. आधी तिथं म्हशी धुवायचे लोक, अन् दिवस कलल्यावर बाया त्या बाजूनं जात नव्हत्या. आता पोट्ट्या सायकल फिरवून राहिल्या होत्या.

बाजाराच्या तोंडाशी एक हार्डवेअरवाला दुकानातून धावत बाहेर. "सर! आप? इधर?" सरांच्या पायाच पडला. जुना विद्यार्थी. चहा पाजला, शेजारच्या दुकानदाराले बोलावून दाखवलं, "इन्हीं से मार खाके पास हुआ हूँ."

परत येताना सर म्हणे, "नवव्या मजल्यावर राहून दोन वर्षं झाली. लिफ्टमध्ये लोक मोबाइल पाहतात. मले कोणी सर म्हणून हाक मारली नाही."

त्यायचं जुनं घर शहरात मधोमध होतं. ते पुरं पाडून तिथं कॉम्प्लेक्स झालं. त्या पैशात पोरानं फ्लॅट घेतला.

शर्ट अर्धा काळा झाला. सरांनी पाहिलं. बाही दुमडून घेतली.

३ फेब्रुवारी

सरांच्या मुलाकडे जाऊन आली. अमित अन् सून निधी. चांगली पोरं आहेत, खोटं काहून लिहू. निधीनं खास माझ्यासाठी साबुदाणा वडे केले होते, मराठी म्हणून.

"आंटी, आप किस तरफ रहती हैं?"

"बीरगाव."

"अच्छा... वो फैक्ट्री वाला?"

हो, फॅक्टरीवालंच. मग अमित बोलला. "देखिए आंटी, शादी से हमको कोई दिक्कत नहीं है. पापा खुश रहें बस. आप इधर आ जाइए, कमरा है. लेकिन पापा वहाँ रहेंगे? उनकी साँस देखिए. फिर वहाँ का माहौल... लोग पूछेंगे तो क्या बोलूँगा, पापा बीरगांव शिफ्ट हो गए?"

म्हणजे बाईले हरकत नाही, बाईच्या पत्त्याले आहे. घरी येईपर्यंत बसमध्ये एकटीच हसत होती. घरी आल्यावर हसू गेलं.

सर पूर्ण वेळ मान खाली घालून वडा कुस्करत होते. हे मले आवडलं नाही.

४ फेब्रुवारी

गच्ची दोनदा धुतली. रागानं. तरी खाली काळं पाणीच आलं.

अमित एकदम खोटंही बोलला नाही. फॅक्टरीचा धूर आधीपेक्षा कमी आहे, पण येते. खोकल्याचे पेशंट मीच पाहते रोज. पण माणूस राहते तिथं नुसता धूरच राहते का? कोमलचे बाबा मिलच्या नाइट शिफ्टा करून हे घर बांधून गेले. शेजारची दुलारी, माझा ताप मोजायले कोणी नसताना दोन रात्री जागली होती. हे अमितले कसं सांगू. त्याचा इकडे यायचा रस्ता फक्त कारच्या काचेतून.

१९ फेब्रुवारी

नाक्यावर बोर्ड लागला. नवीन कॉलनी. मोठ्या अक्षरात "रायपूर नॉर्थ", खाली हिरवळीवर गोरी पोरं पळून राहिली आहेत. बीरगाव कुठंच लिहिलं नाही. दुलारी बोट दाखवून म्हणे, "दीदी, हमर गाँव कहाँ गे?"

दोघी खूप हसलो. मग ती म्हणे, दलाल तिच्याकडे पण येऊन गेला. तिनं हाकलला.

बदलून राहिलं मात्र खरं. दवाखान्यातल्या नवीन डॉक्टर मॅडमनं इथंच घर घेतलं भाड्यानं. वळणावर कॉफीचं दुकान निघालं, शहरातली पोरं रिंग रोडनं गाड्या घेऊन येतात, संध्याकाळी बसायले जागा नसते. उरला इंडस्ट्रियल एरियातल्या मिलमधले लोक ड्युटी सुटल्यावर त्यायच्याकडे पाहतात अन् ते मिलच्या लोकांकडे. अजून कोणी कोणाशी बोलत नाही.

सरांचा फोन रोज. लग्नाचं बोलत नाही. भाजी काय केली, विचारतात. मी पण सांगते.

८ मार्च

दवाखान्यात महिला दिवसाचा गुलाब भेटला. घरी आली तं दारात कार. अमित.

"आंटी, मैंने मना थोड़ी किया था पापा को." पेढे घेऊन आला होता. बसला, पाणी प्याला, उठला. मागच्या अंगणात गेला. बोअर पाहिली. भिंतीपासून भिंतीपर्यंत पावलं टाकत चालला.

"कितना डिसमिल है ये? रजिस्ट्री आपके नाम से है न?"

मी म्हटलं, हो. काहून?

"नहीं, ऐसे ही. बीरगांव अब बहुत अच्छा हो गया आंटी. सब इधर ही ले रहे हैं. पापा यहाँ आएँ तो... सही है एकदम."

गेल्या महिन्यात इथं श्वास घेता येत नव्हता. आता एकदम सही. हवा तीच, धूर तोच, मी पण तीच.

पेढे दुलारीच्या घरी दिले.

९ मार्च

सरांले फोनवर सांगितलं, नको. जे चाललं आहे ते बरं आहे. अमित अंगण मोजून गेला ते पण सांगितलं.

सर म्हणे, "मले माहीत नव्हतं तो येणार आहे." फोन ठेवला. कोणी आधी ठेवला, आठवत नाही.

ड्युटीवर एका पोराले इंजेक्शन देताना म्हटलं, रडू नको. पोट्टा म्हणे, मैं कहाँ रो रहा हूँ, आप रो रही हो. ऊन लागलं, म्हटलं.

१४ मार्च

सर दवाखान्यात आले. लाइनीत बसले. नंबर आला तरी उठले नाही, मागच्याले पुढे जाऊ दिलं. असे सगळे गेले.

मग आले समोर. बी.पी.साठी हात पुढे केला नाही. म्हणे, "पुष्पाबाई." पहिल्यांदा नाव घेतलं. "घर कोमलचं आहे. कागद करून द्या तिच्या नावानं, मी साक्षीदार म्हणून सही करतो. लग्न नाही केलं तरी करतो. अमितले पण सांगून आलो."

मी म्हटलं, मी तं तुम्हाले नको म्हणून सांगितलं, सर.

"ऐकलं. तुम्ही माझ्याशी लग्न नका करू. पण बीरगावात राहायले तं मले तुमची परवानगी लागत नाही न?"

मले समजलं नाही. म्हणे, खोली पाहिली. कुठं? तं म्हणे, तुमच्या शेजारी. दुलारीबाईच्या वरची.

दुलारीकडे गेली तरातरा. तिले दोन दिवसांपासून माहीत होतं! वर मलेच म्हणे, "बने मनखे हे दीदी. भाड़ा घलो नइ घटाइस." चांगला माणूस आहे, भाडं पण कमी नाही करवलं. एवढ्यावरून तिनं माणूस ओळखला.

रात्री हसू आलं. राग पण. चौसष्टीत घर सोडून निघाला हा माणूस. माझ्यासाठी की लिफ्टच्या त्रासानं, विचारायचं राहिलं.

१ एप्रिल

सर राहायले आले. अमित सोडून गेला. दोन बॅगा, कुकर, पुस्तकांचा खोका. बापाले नमस्कार केला, माझ्याकडे पाहिलं नाही. निधीनं मात्र बाजूले घेतलं. "आंटी, पापा रात को दवाई भूल जाते हैं." डोळे भरले होते पोरीचे. गोळ्यांचा डबा माझ्या हातात दिला, वार लिहून चिकटवले होते.

गल्लीत सगळे दारात. "दीदी, ए कोन हरे?" मी सांगितलं, दुलारीचे किरायेदार.

पहिल्या दिवशी भात जाळला. वास माझ्या अंगणात.

९ एप्रिल

सर खोकून राहिले. दोन दिवस. वरून आवाज येते अन् मी इकडे मोजत बसते. अमित बरोबर होता का? मीच हट्ट केला का?

आज ओढतच नेलं दवाखान्यात. डॉक्टर मॅडमनं नीट तपासलं. धुळीची ॲलर्जी, फुप्फुस चांगलं. मास्क लावा, सकाळी खिडकी बंद ठेवा, महिन्याभरानं परत दाखवा.

बाहेर येऊन मी म्हटलं, सर, परत जा. खरंच सांगून राहिली. पोरगा चुकीचं नव्हता बोलला.

म्हणे, "तिकडे पण खोकत होतो. दार बंद असते, कोणाले ऐकू जाईल? इथं मी एकदा खोकललो तं दुलारीबाई काढा घेऊन वर, अन् तुम्ही स्टेथो घेऊन."

मास्क मात्र लावून फिरतात. हार्डवेअरवाल्या चेल्यानं डब्बाभर आणून दिले.

१४ एप्रिल

जयंती. विहारापासून रॅली निघाली, डीजे, निळे झेंडे, ऊन मरणाचं. सर पांढऱ्या शर्टात, शरबत वाटून राहिले होते. गल्लीतली पोरं आता त्यायले गणिताचे प्रश्न घेऊन येतात, आज पण एक वही घेऊन आलाच. जयंतीले तरी सोड, म्हटलं.

दुपारी अमित, निधी आले. न सांगता. कार नाक्यावर अडकली गर्दीत, तिथून पायी आले, घामानं भिजून. माझ्याकडेच जेवले. निधी दुलारीजवळ बसून तांदळाच्या पिठाचा फरा कसा करतात ते विचारत होती, मोबाइलमध्ये लिहून घेतलं.

अमित हात धुवायले मागं आला. मी टॉवेल दिला. तसाच धरून उभा. "आंटी, उस दिन मैं ज़मीन नापने नहीं आया था. मतलब... नाप तो रहा था. दिन भर होम लोन का काम है, जहाँ जाता हूँ वही दिखता है." टॉवेलची घडी घातली. "पापा ने दस दिन बात नहीं की मुझसे. बचपन में भी कभी ऐसा नहीं किया."

मी म्हटलं, बाबू, भात घे अजून. त्यानं घेतला.

जाताना निधी गल्लीत उभी राहून फोनवर कोणाले तरी सांगत होती, "हाँ, बीरगांव में हूँ. हाँ हाँ, वही. पापा रहते हैं न यहाँ." साधं बोलली. जसं कोणी कुठलंही नाव घेते. मी दाराच्या मागं उभी राहून ऐकलं.

२८ एप्रिल

कोमल आली आठ दिवसांसाठी. सरांशी पहिल्या दिवशी "नमस्ते अंकल" एवढंच. दुसऱ्या दिवशी दोघं कैरीवरून भांडले, पन्ह्याले उकडायची की भाजायची. तिसऱ्या दिवशी तलावावर फिरायले गेली त्यायच्यासोबत, अंधार पडल्यावर आली. काय बोलले, सांगत नाही. आल्यावर मराठीत म्हणे, "मम्मी, छान माणूस आहे." मराठीत! उच्चार हिंदीच, पण मराठीत.

घराचा कागद तिच्या नावानं करायचं मी काढलं तं कान बंद करून घेतले. "अभी नहीं. तू पहले अपना देख."

तलावापलीकडची तीन घरं विकली गेली म्हणे. दुलारीचा पोरगा पण आता दलालाशी फोनवर बोलते, ती पाहत नसली की. उद्या गल्ली कशी राहील, कोण राहील, मले नाही सांगता येत.

३० एप्रिल

सर विहारात जाऊन आले. मले न विचारता. भन्तेजी म्हणाले, बुद्धपौर्णिमेले तीन जोडप्यांची लग्नं आहेत, चौथं पण चालेल, फक्त आधी सांगा.

दारातच उभे राहून विचारलं. "सांगू का हो?"

मी म्हटलं, उद्या ड्युटी पाहून सांगते.

"पौर्णिमेले सुट्टी असते."

आतून कोमल ओरडली, "मम्मी, क्या बोली तू?"

मी तिले म्हटलं, भात लागून राहिला, तो पाहून घे आधी.

सर हसत जिना चढून गेले.

संध्याकाळी पेटीतून पांढरी साडी काढली, निळ्या काठाची, विहारातल्या लग्नात नेसतात तशी. फॉल उसवला होता. दुलारीले शिवायले दिली. तिनं माझ्याकडे पाहिलं, मी म्हटलं, काही नाही, उसवली होती म्हणून दिली. नुसती दिली आहे.