आसनाखालचं पत्र

प्रिय कुंदावन्सं,

मी एकदा न सांगता नर्मदेवर ग्वारीघाटला गेले, तेव्हापासून आमचा वेदांग बाहेरून कुलूप लावून ऑफिसला जातो. मग मी आसनावर डोळे मिटून बसते. पुस्तकात वाचलं, मन रिकामं केलं की देवाचं प्रेम आत येतं. माझ्याकडे तुम्हीच येता.

शेवटच्या दिवशी तुमचे भाऊ म्हणाले, “कुंदीला बोलाव.” मी म्हटलं, “फोन केला, येऊन राहिल्या.” केलाच नव्हता. भाऊबीजेचं आपलं भांडण मनात होतं. ते दाराकडे बघतच गेले.

आज देवाला सगळं सांगितलं. क्षणभर आत काही हललं. पण तुम्हाला सांगितल्याशिवाय ते पुढे सरकत नाही.

पत्र टाकायला वेदांगकडेच द्यावं लागेल. “आई, आत्याला काय लिहिलंस?” असं तो हसून विचारेल. त्याला काय सांगायचं ते सुचेपर्यंत आसनाखाली ठेवते, आणि त्यावरच बसते.

तुमची वहिनी,
सुमित्रा