भट्टीची जागा

११ नोव्हेंबर, शनिवार
या हातांनी आजवर केलेलं: अंगणातली वाफ घ्यायची खोली, सौना (भिंती, बाक, दार आणि जुन्या बॉयलरचा पत्रा कापून केलेली दगडांची भट्टीसुद्धा). तळ्यावरचा धक्का. स्वयंपाकघरातलं टेबल. जिना, कुरकुर न करणारा. कुणाकडे शिकायला गेलो नाही.
पुढचं काम: होडी. दोन माणसांची. येत्या जूनमध्ये, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी, हेल्वीला तीत बसवून तळ्यापलीकडे नेणार. बायकोला शब्द दिलाय. मागच्या वर्षीही दिला होता, पण तेव्हा लाकूड ओलं होतं.
अडचण एकच. ग्लू पंधरा डिग्रीच्या खाली धरत नाही आणि गॅरेजात आज उणे चार. हीटर हवा. निर्णय आठवड्याच्या आत.

१५ नोव्हेंबर
अभ्यास पूर्ण. विजेचा ब्लोअर: धूळ उडवतो, ओल्या ग्लूवर बसते. गॅस: ज्वाळेतून पाण्याची वाफ निघते, हे दुकानदाराला माहीतच नव्हतं, मी सांगितलं. डिझेल: होडीला ट्रकचा वास. हीट पंप: बसवायला बाहेरचा माणूस लागतो. बाहेरचा माणूस या घरात अजून लागलेला नाही.

१८ नोव्हेंबर, शनिवार
सौनात विषय काढला. घरात आम्ही फारसं बोलत नाही, जे काय ते शनिवारी, वरच्या बाकावर. हेल्वीने एक सूचना केली. अव्यवहार्य. नोंदण्यासारखी नाही.

२५ नोव्हेंबर, शनिवार
उत्तर डोळ्यांसमोर होतं. सौनाची भट्टी! आठवड्यातले सहा दिवस रिकामी बसून असते. ती गॅरेजात न्यायची. हेल्वीला सांगितलं. तिने विचारलं, आणि शनिवारी? म्हटलं, शेजारी तौनोकडे सौना आहे की. तिने दगडांवर पाणी टाकलं. मग म्हणाली, तसंही करता येईल म्हणा.
संमती मिळाली.

२ डिसेंबर, शनिवार
तौनोला उचलायला बोलावला. म्हणाला, ओइवा, माणूस एक वेळ राहतं घर विकेल, पण सौनाची भट्टी हलवणार नाही. म्हटलं, तू नुसता उचल. म्हणाला, उचलतोय रे बाबा, पण पाप तुझ्या खात्यावर. हेल्वीला विचारलंस का? म्हटलं, विचारलं, तसंही करता येईल म्हणाली. त्याने आपलं टोक खाली ठेवलं. म्हणाला, तू आमच्या सावो भागातलाच ना रे? आमच्या आईने आयुष्यात कशालाच नाही म्हटलं नाही. तसंही करता येईल म्हणायची आणि बाबा निमूट कुऱ्हाड खाली ठेवायचे.
तौनोला बडबडायची सवय आहे.
संध्याकाळी हेल्वी टॉवेल घेऊन त्यांच्याकडे गेली. मी नाही गेलो. दुसऱ्याच्या सौनात मला मोकळं वाटत नाही.

६ डिसेंबर
पहिली टेस्ट. छताशी एकेचाळीस, छातीशी एकोणीस, जमिनीवर उणे तीन. सरासरी एकोणीस. म्हणजे यश. डोक्याला घाम, पाय बधिर, पण होडीला पाय नसतात.
आज फिनलंडचा स्वातंत्र्यदिन. हेल्वीने रिवाजाप्रमाणे खिडकीत दोन मेणबत्त्या लावल्या आणि कॉफीला हाक मारली. काम ऐन मोक्यावर होतं. गेलो तेव्हा मेणबत्त्या संपल्या होत्या.

१६ डिसेंबर, शनिवार
होडीची डावी बाजू भट्टीकडे: ग्लू दगडासारखा. उजवी बाजू: लापशी. उपाय: होडी दर दोन तासांनी फिरवायची.
गॅरेजात होडी, म्हणून गाडी बाहेर. हेल्वीची सकाळची पाळी असते. काचेवरचं बर्फ खरवडल्याचा आवाज ऐकू येतो. तिला खरवडणी धार लावून दिली.
आज तिने विचारलं, शनिवारी बोलायचं कुठे? म्हटलं, इथे बोल की, स्वयंपाकघरात, बोल. तिने पातेलं जवळ ओढलं. मग विचारलं, अजून बटाटा वाढू का.

२४ डिसेंबर
नाताळची संध्याकाळ. आज गावातल्या प्रत्येक सौनातून धूर. तौनोने दोघांनाही बोलावलं. मी नको म्हटलं. आजच्या दिवशी लोकांच्या सौनात जायचं, तेही स्वतः सौना बांधलेल्या माणसाने?
लाकडं आणायला बाहेर पडलो तर आमच्या सौनात उजेड. हेल्वी वरच्या बाकावर, कोट घालून, मांडीवर टॉवेल, शेजारी कंदील. म्हटलं, काय करतेस? म्हणाली, बसलेय. म्हटलं, सर्दी होईल. म्हणाली, होईल.
होडीची उजवी बाजू सुधारते आहे.

५ जानेवारी
उणे एकतीस. भट्टी सतत पेटती ठेवली. लाकूड कोरडं पडलं आणि पुढच्या टोकापासून फळ्या सुटल्या. बोट जाईल एवढी फट. लाकडाचा दोष. मी दुकानदाराला सांगणार आहे.
हेल्वी क्वोपिओला बहिणीकडे गेली. थंडीपुरती. तिचा टॉवेल नेलाय, यावरून लवकर येईल असं दिसतं. तिकडचे टॉवेल तिला आवडत नाहीत.

१३ जानेवारी, शनिवार
निर्णय. भट्टी परत सौनात. हेल्वीला सरप्राइज. तौनो न बोलता उचलायला आला. हे त्याला शोभत नाही.
धुराचा पाइप छतापर्यंत पोचत नाही. गॅरेजच्या मापाने कापला होता. अचूक कापला होता.

३ फेब्रुवारी, शनिवार
नवा पाइप बसवला. सौना तापवली. हेल्वीला फोन केला, म्हटलं, भट्टी जागेवर आली, ये. ती म्हणाली, ओइवा, मी इथे जागा घेतली भाड्याने. एकच खोली आहे. सौना आहे, विजेची, बटण दाबायचं. म्हटलं, केवढी? म्हणाली, एकाला पुरते. म्हटलं, डिपॉझिट कुठून दिलंस? म्हणाली, तुझ्या हीटरचेच पैसे.
मग म्हटलं, उन्हाळ्यात होडी तरी बघायला ये. म्हणाली, तसंही करता येईल म्हणा.
यावेळी ऐकू आलं.
वरच्या बाकावर बसलो. दगडांवर पाणी टाकायचं काम तिचं. मला नेमकं किती टाकायचं ते माहीत नाही.
१८ नोव्हेंबरची नोंद अपुरी राहिली होती. ती पूर्ण करतो. वाफ खाली उतरेपर्यंत थांबून हेल्वी म्हणाली होती, माझ्याकडे बाजूला ठेवलेले पैसे आहेत, त्यातून चांगला हीटर घे, बसवणारा बोलाव, आणि शनिवार तेवढा मला राहू दे. मी नको म्हणालो.
अठराशे युरो.