दादाच्या कानावर घातलेली गोष्ट

दि. ४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत. वहिनीचा गुडघा कसा आहे? तुझ्यामागे धावणं बंद केलं की निम्मं दुखणं पळेल, असं तिला सांग.

एक सांगते, रागावू नकोस. आमच्या रंगाई कारखान्यात आम्लाचं पाणी शुद्ध करायच्या टाकीची मोटर जळाली. नवी यायला आठवडा लागेल. मालक म्हणतात, रंगाई थांबणार नाही. सोमवारी बायपासचा व्हॉल्व्ह उघडून पाणी तसंच शहराच्या गटारात सोडायचं. म्हणजे थेट तुझ्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात, घाण खाणाऱ्या तुझ्या लाडक्या जिवाणूंच्या डोक्यावर. टाकी माझ्या जबाबदारीची, पण तोंड उघडलं तर नोकरी जाईल. तुझ्या कानावर घातलं, जरा हलकं वाटलं.

लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझी,
ठकू

दि. ६ जुलै

चि. ठकूस,
अ. उ. आ.

वहिनी तुझ्यावर खूश आहे. पुढचं वाचून तू मात्र चिडशील.

तुझं पत्र मी ऑफिसात दाखल केलं. बायपास करायचा तर आधी कळवावं लागतं; कळवणारी आपली बहीण नसावी, असं नियमात कुठे नाही. जीव किंवा यंत्रं वाचवायला दुसरा मार्गच नसेल, तरच परवानगी मिळते. तुमच्याकडे मार्ग आहे: मोटर येईपर्यंत रंगाई बंद. मालकांना तसं लेखी गेलंय. इथले जिवाणू मेले तर अख्ख्या शहराची घाण नदीत जाईल. मला डोळेझाक करवेना.

कुणी विचारलं तर भावाने दगा दिला म्हण. गुडघ्याचा मजकूरही साहेबांनी वाचला, त्याची मलाच लाज वाटते.

रागावलीस तरी दोन ओळी धाड.

तुझा,
दादा

दि. १४ जुलै

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

रंगाई बंद राहिली, मोटर बसली, व्हॉल्व्ह उघडावा लागला नाही. तुझे जिवाणू सुखरूप असतील.

मालकांनी बोलावून विचारलं. सगळं तुझ्यावर ढकलायचं ठरवून गेले होते, पण तिथे उभी राहिल्यावर म्हटलं, मीच कळवलं. दुसऱ्या दिवसापासून घरी बसले आहे. हे म्हणतात, होईल काहीतरी. मुलांना आई दुपारी घरी असते याचंच अप्रूप.

तुझं चुकलं असं मी म्हणणार नाही. राग मात्र आलाय, चांगलाच आलाय. मालकांना काहीही सांगितलं असलं, तरी मी कळवलं नव्हतं दादा. मी तुझ्यापाशी रडले होते.

रविवारी येते आहे, भांडायला. घरीच थांब.

तुझी,
ठकू