मंगळाचा खडा

अण्णा,

गेल्या महिन्यात मी पंचवटीत आपल्या जुन्या गल्लीशेजारी जाऊन आले. घर विकल्यापासून तिकडे जायचं मी टाळत आले आहे. पाहुणे दर्शनाला आले तर त्यांना रिक्षात बसवून देते आणि स्वतः काहीतरी काम काढून इंदिरानगरलाच थांबते. या वेळी मात्र जावं लागलं. का, ते तुम्हालाच सांगण्यासारखं आहे. दुसऱ्या कुणाला सांगितलं तर म्हणतील, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, वर्गात असं होतंच.

मी सहावीला विज्ञान शिकवते, आणि दरवर्षी एक तास इतर ग्रहांवरच्या दगडांसाठी राखून ठेवते. पुस्तकात त्याबद्दल फारसं नाही, पण मुलांना तो तास आवडतो. टेबलावर एक काळा दगड असतो, बांधकामावरून उचलून आणलेला. शेजारी एक गंजलेला तवा. आणि तुम्ही दिलेली ती पांढऱ्या स्फटिकांची गारगोटी. काळा दगड हातोहात फिरवायला देते. सांगते, हा थिजलेला लाव्हा आहे, आपली पांडवलेणी यातच कोरली आहेत, आणि चंद्रावर जे काळे डाग दिसतात तेही याच जातीच्या दगडाचे. शुक्रावर हाच, मंगळावर हाच. मग मंगळ लाल का, असं कुणीतरी विचारतंच. तेव्हा तव्यावरून बोट फिरवून दाखवते. दगडातलं लोखंड गंजलं की अशी धूळ होते, तीच तिथे सगळीकडे पसरली आहे.

यंदा हे सगळं दाखवण्याआधी मी विचारलं, मंगळावरचा दगड कसा असेल, कुणाला काय वाटतं? तिसऱ्या बाकावरच्या मुलीचा हात वर झाला. वर्षभरात तिनं कधी हात वर केला नव्हता. ती बोलताना अडखळते, म्हणून मीही तिला फारसं विचारत नसे. ती उभी राहिली, मूठ छातीशी धरली आणि म्हणाली, "प... पोवळं, मॅडम. माझ्याकडे आहे." मूठ उघडली. बोटात तांब्याची अंगठी, मोठी होते म्हणून मागून दोरा गुंडाळलेली.

"कुणी दिलं?"

"आजीनं."

"आजी मंगळावर जाऊन आली का?"

वर्ग हसला, अण्णा. वर्गाआधी मी हसले. आणि मग मी थांबलेही नाही. पोवळं म्हणजे दगडच नव्हे, समुद्रातल्या बारीक जीवांचा सांगाडा, मंगळावर समुद्र आहे तरी का, हे सगळं मी फळ्यावर चित्र काढून समजावलं. चित्र छान जमलं होतं. मागे वळले तेव्हा ती खाली बसलेली होती आणि अंगठी कंपासपेटीत गेली होती. पुढच्या आठवड्यापासून मुलं तिला "मंगळी" म्हणायला लागली. हा शब्द आपल्याकडे मुलीला किती लांबवर चिकटतो, ते तुमच्या बैठकीच्या खोलीत पत्रिका दाखवायला येणाऱ्यांच्या तोंडून मी लहानपणापासून ऐकलं आहे. मला कळलं तोवर ती शाळेत यायची बंद झाली होती. तिच्या आईला फोन केला तर ती म्हणाली, "आजीकडे राहिलीय पंचवटीत. शाळेचं नाव काढलं की रडते. काय झालं ते सांगत नाही."

तुम्हाला आठवतं का, मी आठवीत होते. मंगळवार होता, कारण स्वयंपाकघरात ओट्यावर कच्च्या दुधाच्या वाटीत पोवळं ठेवलेलं होतं. बाहेर एक बाई बसली होती, तिचा मुलगा सिव्हिल हॉस्पिटलमध्ये होता. तुम्ही खडा पुसून तिच्या तळहातावर ठेवलात आणि ती तो अंगठ्यानं नुसता फिरवत राहिली. मी नुकतीच शाळेतून आलेली, दप्तर पाठीवरच. मी म्हणते, "अण्णा, हा दगड नाहीच आहे. समुद्रातल्या किड्यांचा सांगाडा आहे. आमच्या पुस्तकात आहे." बाईनं खडा अलगद पाटावर ठेवला आणि उठली. तुम्ही तिच्यामागे गल्लीच्या तोंडापर्यंत गेलात. परत आलात ते सरळ स्वयंपाकघरात, दुधाची वाटी घासायला. मी दारात उभी. मला वाटलं ओरडाल. तुम्ही वाटी विसळत म्हणालात, "तू बोललीस ते खरं असेल. पण तुला ते तिला सांगायचं नव्हतं. मला दाखवायचं होतं." मी त्या दिवशी जेवले नाही, आणि नंतर तुमच्या धंद्यावर रागच धरला. तुमचा त्या खड्यांवर विश्वास होता की नव्हता, हे मी तुम्हाला कधी विचारलं नाही. मी भूशास्त्र घेतलं तेव्हा खाणीवरच्या कुणा यजमानाकडून तुम्ही ती गारगोटी आणलीत, वर्तमानपत्रात बांधून, आणि म्हणालात, "हा कुठल्या ग्रहाचा, ते आमच्या पोथीत नाही. तू शोध." काळ्या दगडाच्या पोकळीत वाढणाऱ्या त्या जातीच्या खनिजांच्या खुणा मंगळावरही मिळाल्या आहेत. हे मला कळलं तोवर तुम्ही नव्हतात.

तर मी गेले. आजी भाजीबाजारात बसते, घर मागच्याच बोळात. दुपारची वेळ, ती दारात मेथीच्या जुड्या बांधत होती. मुलगी मला बघून आत गेली. मी म्हटलं, मी तिच्या शाळेतली. आजीनं गोणपाट सारून मला जागा केली.

"बोलाया गेली का जीभ अडकती तिची," ती म्हणाली. "म्हणून म्या म्हणलं, हे बोटात घाल आन बोलताना मुठीत धर. खड्यात काय नसतं बाई, मला बी कळतं. पन धीर येतो. आन बोलली ना पोरगी. माझ्याकडं येऊन सांगितलं तिनं, आज म्या हात वर केला. मंग फुडं काय झालं, ते नाय सांगत."

"मी हसले तिला."

"पोरं हसली आसतील."

"नाही. आधी मी हसले. मग पोरं."

तिनं हातातली जुडी बांधून पुरी केली. मग म्हणाली, "मंग तुमीच बोला तिच्याशी. म्या काय सांगनार?"

मी आत गेले. मुलगी भिंतीकडे तोंड करून बसली होती. मी चुकले म्हणून सांगितलं. ती काही बोलेल अशी अपेक्षा करणंही जास्तच होतं.

सोमवारी ती शाळेत आली. मी वर्गासमोर सांगितलं की त्या दिवशी मी केलं ते वाईट होतं, आणि तो शब्द या वर्गात पुन्हा ऐकू येणार नाही. एका मुलानं प्रामाणिकपणे विचारलं, "पण मॅडम, पोवळं मंगळावर नसतंच ना?" मी म्हटलं, नसतं. पण मला ते तिला सांगायचं नव्हतं, तुम्हाला हसवायचं होतं. वाक्य तुमचंच होतं, अण्णा. वापरलं मी, तुमचा उल्लेख न करता. सुट्टीत ती टेबलाशी आली आणि बराच वेळ घेऊन तिनं विचारलं, "मंगळावर आधी... स... समुद्र होता का?" मी म्हटलं, पाणी होतं, नद्या आणि तळी होती, पाण्यात तयार होणारे खडक तिथे सापडले आहेत, समुद्राबद्दल अजून नक्की सांगता येत नाही. तिनं मान हलवली आणि गेली. अंगठी बोटात नव्हती. हात तिनं अजून वर केलेला नाही. रोज बघते मी.

हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. पण त्या दुपारचं एक सांगायचं टाळलं आहे, ते लिहून थांबते. मी निघाले तेव्हा आजीनं विचारलं, "बाई, तुमी मूळच्या कुठल्या?" मी म्हटलं, इंदिरानगरच्या. मग तिनं हातानं पलीकडची गल्ली दाखवली. "तितं एक गुरुजी ऱ्हायचे. लय भला मानूस. ते आसते तर पोरीला त्यांच्याकडंच नेली आसती."

"हो का," मी म्हटलं, आणि चपला पायात सरकवल्या.