तुझ्या पुस्तकातली आई

प्रिय धाकटे,

परवा तुझा फोन झाल्यापासून लिहायला बसायचं म्हणतेय. फोनवर तू रडायला लागलीस की माझं ठरवलेलं बोलणं जागच्या जागी राहतं, म्हणून हे कागदावर.

आमच्या शाळेच्या ग्रंथालयात तुझ्या पुस्तकाला अजून मागणी आहे. आईच्या आजारपणाची पानं तर हाताळून हाताळून मऊ पडलीत. मीही ती पुन्हा वाचली. खोटं कशाला बोलू, चांगलं लिहिलंयस. ओल्या चादरीचा वास, औषधाचा चमचा दातांवर वाजायचा तो आवाज, तिच्या मनगटाची सुरकुतलेली कातडी. वाचता वाचता आई इतकी जवळ आली, की पुस्तक मिटून मी स्वयंपाकघरात जाऊन नुसती उभी राहिले.

पण त्या पानांत एक मोठी मुलगीही आहे. तिचे हात थंडगार असतात. ती हात लावते तेव्हा आई दचकते, आणि त्या थंडपणावर तू किती लिहिलंस! कर्तव्य आहे, माया नाही, असं. अगं, माझे हात थंड होते, कारण मी तीच चादर धुऊन, पिळून आले होते. तू तेव्हा पलंगाशी डोळे मिटून बसली होतीस. मला वाटलं, आईसाठी देवाला काही मागतेयस. तू वास घेत होतीस.

हे मला कळलं कॉलेजातल्या तुझ्या व्याख्यानात. तुला न सांगता, कौतुकानं आले होते, मागच्या रांगेत बसले होते. लिहिणाऱ्यानं आधी नाक, कान, कातडी जागी ठेवावी, भावना मागाहून येतात, असं तू पोरांना सांगत होतीस. मग सगळ्यांना डोळे मिटायला लावलेस आणि आईच्या खोलीत घेऊन गेलीस. कपडे बदलताना घरच्यांसमोरही कडी लावणारी आपली आई, आणि तिच्या उशाशी सभागृहभर परकी पोरं. डोळे उघडे ठेवून बसलेली मी एकटीच. तुला न भेटताच घरी आले.

बाबांना पुस्तक मीच वाचून दाखवलं. लेकीचं पुस्तक म्हणून आधी अगदी ऐटीत ऐकत होते. त्या पानांवर मी थोडं गाळायला लागले, तर म्हणाले, गाळू नकोस. सगळं ऐकलं, चष्मा पुसला, आणि पुन्हा कधी त्याचा विषय काढला नाही.

आता तेच अंथरुणाला खिळलेत. त्रास कमी ठेवू, एवढंच डॉक्टर म्हणतात. तू रजा टाकून येतेयस, हे मी त्यांना लगेच सांगितलं. वाटलं, चेहरा उजळेल. त्यांनी पांघरूण गळ्यापर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाले, "तिला येऊ नको म्हणावं. ती शेजारी असली की मला मोकळेपणानं कण्हता यायचं नाही."

तुला पटणार नाही, पण मी तुझी बाजू घेतली. लेक आहे हो तुमची, म्हटलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तिकीट काढलं असशील तर रद्द कर. जेवले का, झोप लागली का, एवढं मी कळवत जाईन. बाकीचं त्यांचं आहे, त्यांच्यापाशीच राहू दे.

तरीही तुझीच,
ताई