बरणीतल्या मण्यारीची चुकलेली नोंद

मी, खाली सही करणारा, वय एकोणऐंशी, संग्रहालयाच्या साप विभागातला निवृत्त नोंदणीकार, हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहीत आहे. डोके शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. जीव मात्र थाऱ्यावर नाही. एवढे लिहीपर्यंत चारदा उठलो.

१. घर व शिल्लक पत्नीला. गच्चीची गळती तिने स्वतः काढून घ्यावी. मुलगा नुसता 'बघतो' म्हणतो.

२. भिंग व चिमटे संग्रहालयाला. आमच्या साहेबांना काही देऊ नये. फेरमोजणीला त्यांनी वेळ दिला नाही, म्हणून आयुष्यभर त्यांच्या नावाने बोटे मोडली. पण मोजले मीच होते.

३. कपाटातली बरणी पुतणीला. ती संग्रहालयाची आहे, मी पिशवीत घालून आणली, चोरीच म्हणा. आत तिच्या वडिलांनी, माझ्या धाकट्या भावाने, आणून दिलेली मेलेली मण्यार आहे. "दादा, ही नेहमीची नव्हे," तो म्हणाला होता. पाठीवरच्या खवल्यांच्या ओळी सापाच्या मध्यावर मोजतात. मधला भाग फावड्याने चेचला होता, म्हणून मी शेपटीकडे मोजल्या. तिकडे त्या कमी होतात हे मला पाठ होते, तरी! पंधरा भरल्या. नेहमीची मण्यार, असे लिहून मोकळा झालो.

पुढच्या वर्षी त्याला तसलीच चावली. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी फोनवर सापाची जात विचारली, मी माझी नोंद वाचून दाखवली. 'माहीत नाही' म्हटले असते तर त्याला लगेच मोठ्या रुग्णालयात, श्वासाच्या यंत्रावर नेले असते. ते नेहमीच्या मण्यारीवरच्या औषधाच्या भरवशावर थांबले. औषध लागू पडले नाही. माझा भाऊ गेला.

नंतर चेचलेली कातडी सुईने सरळ करून मध्यावर मोजले. सतरा. अजून मोजतो, सतराच.

पुतणीने एकदा विचारले, "काका, बाबांना औषध का लागू पडलं नाही?"

"उशीर झाला होता गं," मी म्हणालो.

ती आता सापांवरच काम करते. माझी नोंद अजून तशीच आहे आणि डॉक्टर तीच वाचतात. तिने ही जात वेगळी नोंदवावी, नाव वडिलांचे द्यावे.

४. हा कागद मी मेल्यावर उघडायचे ठरले होते. मेलेल्याला ती काय जाब विचारणार? निव्वळ भेकडपणा. तिसरे कलम आजच लागू. तिला बोलावले आहे, जिन्यात पावले वाजताहेत. सही करतो आणि दार मीच उघडतो.

स्थळ : राहते घर, वरची खोली
दिनांक : ९ फेब्रुवारी, सकाळी अकरा

सही : नोंदणीकार
साक्षीदार : १. शेजारचे शिंपी (सही) २. घरचे डॉक्टर (सही)

तिसरे कलम काकांसमोर वाचले. बरणी मिळाली.
सही : पुतणी